सव्विसावी सुई

या, या, असे जवळ या. त्या खांबाला टेकून काय बसता, इथे पुढे सतरंजीवर जागा आहे. बुवांना यायला अजून अवकाश आहे. पेटीवाला आत्ताच आलाय आणि तबलजी आपली हातोडी शोधतोय. तेवढ्यात एक गोष्ट सांगून होईल. गोष्ट सुईएवढीच आहे, पण ती ठाण्यातून निघून झांजिबारला जाते आणि विलायतेला वळसा घालून पुन्हा बाळकुमच्या विठोबापाशी येते. मी काही कीर्तनकार नव्हे, आयुष्यभर नुसता ऐकणारा. तेव्हा भरकटलो तर हाताला धरून परत आणा.

सन त्रेपन्नची गोष्ट. राहायला मी डोंबिवलीत, आणि नोकरी ठाण्यात, माजिवड्याच्या अलीकडे, एका परदेशी कंपनीत. कंपनीच्या नावात तीन आडनावं होती आणि मध्ये दोन 'अँड', त्यामुळे पंचक्रोशीत तिला सगळे नुसती 'सुई कंपनी' म्हणत. मी तिथे टंकलेखक कारकून.

आता ही सुई बघा कशी व्हायची. तार यायची स्वीडनहून. ठाण्यात तिचे तुकडे व्हायचे, टोक निघायचं, नेढं पडायचं, मग आगीतून आणि तेलातून जाऊन ती कडक व्हायची. तिला गुंडाळायचा काळा कागद हॉलंडचा. पाकिटावर सोनेरी हत्ती, तो छापलेला जर्मनीत. ज्यानं तो काढला त्यानं हत्ती बहुधा पाहिलेला नसावा, कारण त्याचे पुढचे गुडघे उलटे वाकलेले होते. आणि एवढं सगळं होऊन माल जायचा झांजिबारला, बसऱ्याला, पेनांगला. असेच आणखी दोन कारखाने कंपनीचे होते, एक विलायतेत, एक ब्राझीलमध्ये. तीन देशांत सुया, तिन्हीकडे तोच हत्ती, फक्त पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षर वेगळं. आमचं 'टी'.

मला तर पहिल्यांदा कामावर गेलो तेव्हा भरून आलं होतं. म्हटलं, हे कंपनीचं विश्वरूपच की! हजार हात, सगळ्या पृथ्वीवर पसरलेले. पुढे कळलं की हजार हात आहेत खरे, पण एका हाताची दुसऱ्याशी ओळख नाही. विलायतेतून दोन रंगांची पाकिटं यायची. पिवळी कारखाना खात्याची: किती तार आली, किती सुया झाल्या, किती गेल्या. निळी विक्री खात्याची: कुठल्या बंदरात काय खपतंय. पिवळ्याचं उत्तर पिवळ्यात, निळ्याचं निळ्यात. इकडचं तिकडे लिहायचं नाही असा लेखी हुकूम होता. दोन्ही टंकायचो मीच. पण टंकलेखकानं वाचायचं नसतं, फक्त उमटवायचं असतं.

पाकिटं भरायचं काम चाळीस बायका करत. बहुतेक बाळकुमच्या, आगरी घरांतल्या. त्यांची मिठागरं होती खाडीला लागून, ती बंद पडली, जमीन दुसऱ्या कामाला गेली, तेव्हा आवडाबाई नावाची एक बाई स्वतः होऊन कंपनीच्या फाटकाशी आली आणि आमच्या मॅनेजरना, प्रधानसाहेबांना, म्हणाली, "आमचे हात मिठानं झिजले, पन मोजनीला चुकनार नाय. चालीस बाया देतो. एकीनं जरी चोरी केली तर मना सांगा."

प्रधानसाहेब ठाण्याचेच, माणूस भला पण घाबरट. त्यांनी चाळीस जणींना घेतलं आणि आवडाबाईंना त्यांची मुकादम केलं. पन्नाशीची बाई, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की कारखान्याचा भोंगा एखाद्या दिवशी बिघडला तरी चालेल. मला 'त्र्यंबक' म्हणणं तिला कधी जमलं नाही. मी तिचा 'तिंबकभाऊ'.

"काय रं तिंबकभाऊ, आज डोले लाल? काल परत कीर्तनाला गेल्तास वाटतं?"

"गेलो होतो. सुदाम्याचं आख्यान होतं."

"मग पोहे मिलाले का नाय?"

"नाही हो."

"मग कसलं रं ते सुदाम्याचं कीर्तन?"

एका पाकिटात पंचवीस सुया. या बायका डाव्या हाताची बोटं पंख्यासारखी पसरायच्या, उजव्या हातानं सुया त्यावर टाकत जायच्या, ओठ हलायचे, आवाज नाही, आणि झटक्यात कागद मिटला की पाकीट तयार. सगळ्यांच्या शेवटी गंगुबाई बसायची, आवडाबाईंची चुलत जाऊ. दर दहावं पाकीट उघडून मोजायचं आणि विलायतेहून छापून आलेल्या तक्त्यात खूण करायची, हे तिचं काम. तक्त्यात दोनच रकाने होते: 'बरोबर' आणि 'कमी'. दीड वर्षात 'कमी'च्या रकान्यात एकही खूण पडली नव्हती. प्रधानसाहेब तो तक्ता पाहुण्यांना दाखवायचे.

आणि तरी सुया कमी भरायला लागल्या.

भरायला जेवढ्या सुया वजन करून आत जायच्या, त्यापेक्षा पाकिटांतून बाहेर पडणाऱ्या कमी. शंभरात चार. महिन्यामागून महिने, शंभरात चार. पिवळी पत्रं आधी विनयानं विचारायची, मग नुसतं विचारायची, मग विचारणंही बंद होऊन सांगायला लागली. प्रधानसाहेबांनी तराजू बदलला, फरशीच्या फटी बुजवल्या, केरसुणीला लोहचुंबक बांधला. शंभरात चार.

"त्र्यंबकराव," ते एकदा मला म्हणाले, "चोर आहे, पण फार शिस्तीचा आहे हो. एका महिन्यात तीन नाही, की पाच नाही!"

याच दीड वर्षात निळी पत्रं काय सांगत होती? की झांजिबारचा अडत्या ब्राझीलचा माल परत पाठवतोय आणि 'टी'चाच मागतोय. बसऱ्याचे शिंपी विलायतेचं पाकीट हातात घेऊन खाली ठेवतात. पेनांगमध्ये 'टी'च्या पाकिटाची मागणी तिप्पट. कारण कळवावं. आम्ही कळवायचो, 'ठाण्याच्या मालाचा दर्जा उत्तम असल्यामुळे असावं.' हे मीच टंकायचो, आणि पुढच्या कागदावर सुयांच्या चोरीबद्दल दिलगिरीही मीच टंकायचो. डोक्यात एकदाही ठिणगी पडली नाही. उमटवणाऱ्याची बुद्धी अशी बोटांत जाऊन बसते.

शेवटी मार्गशीर्षात विलायतेहून एक साहेब आला. उंच, पांढरा, पाय काटकुळे आणि खाकी अर्धी चड्डी. पाकीटखोलीच्या दारात एक पाय उचलून उभा राहून बघायची त्याला सवय होती. पहिल्याच दिवशी दुपारच्या सुट्टीपर्यंत बायकांनी त्याचं नाव 'बगला' ठेवलं. आगरावर बगळे त्यांनी जन्मभर पाहिलेले.

"गप गो, बगला आला."

"मासा सापरला का त्याला?"

"कुठला? चिखलान उभा हाय नुसता."

साहेब वाईट नव्हता. चार दिवस त्यानं सगळे कागद तपासले. आता तुम्ही म्हणाल, एक पाकीट उघडून मोजायचं याला सुचलं नाही? अहो, कागदावर पंचवीस होतं, दीड वर्ष, रोज, सहीनिशी. कागदावर जे बरोबर आहे ते पुन्हा मोजायची कंपनीत पद्धत नव्हती. पाकिटं बरोबर म्हणजे सुया बायकांबरोबरच बाहेर जात असणार. शनिवारी दुपारी त्यानं मला हुकूम सांगितला आणि मी तो टंकला. सोमवारपासून सुटताना प्रत्येक बाईची झडती. मुंबईहून एक झडतीवाली बाई येईल. लुगड्याचा ओचा आणि कनवटी तपासून, केसांचा अंबाडा सोडायला लावून.

फाटकावरच्या सहदेवानं तो कागद वाचून दाखवला. तोही बाळकुमचाच, 'अंबाडा' हा शब्द त्यानं भराभर वाचून टाकला. चाळीस बायका उभ्या. मग आवडाबाई पुढे झाल्या.

"हे कोनी लिवलं?"

सहदेवानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली.

"तिंबकभाऊ, तू लिवलंस?"

"टंकलं मी, आवडाबाई. लिहिलं साहेबांनी."

"बरं." एवढंच म्हणाल्या, पण त्या 'बरं'नं मला जे झालं ते अजून जात नाही. मग म्हणाल्या, "माज्या जिवावर या चालीस जनी आल्या. मी बोल्ले होते एकीनं चोरी केली तर मना सांगा. आता तुमी चालीस जनींना सांगताव. सोमवारी आमी येऊ. काम करू. पन सुटताना कोनी माज्या बायांच्या अंबाड्याला हात लावला, का मंगलवारी इथं कोन येनार नाय. घरान चूल पेटो नायतर न पेटो."

जायला वळल्या, आणि पुन्हा थांबल्या. "उद्या आमचे देवलान काला हाय. सप्ता संपतो. तुला मागंच बोलवलेलं. यायचं तर ये. हुकूम टंकनाऱ्याला पन विठोबा जेवायला घालतो."

गेलो मी. लाज वाटत होती, पण काल्याचं कीर्तन आणि मी जाणार नाही असं झालेलं नाही. दुपारचे बारा, मांडव भरलेला, खाडीवरचा वारा, आणि बुवा असे रंगलेले की काय सांगू. सगळ्या गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची भाकरी, कुणाचं लोणचं, कुणाचा शिळा भात, आणि देवानं सगळं एकत्र कालवलं. बुवा म्हणाले, "कुणाची शिदोरी कुणाची, हे आता ओळखू येईल का?" आणि सगळा मांडव 'नाही!' म्हणून ओरडला. मीही ओरडलो. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी. घटकाभर कंपनी विसरलो.

हंडी फुटली, दहीलाह्या वाटून झाल्या, आणि मी मागच्या बाजूला हात धुवायला गेलो. तिथे आवडाबाई आणि गंगुबाई तांदळाच्या भाकऱ्यांच्या ढिगापाशी बसल्या होत्या. गावोगावची भजनी मंडळं आलेली. प्रत्येक मंडळाला पंचवीस भाकऱ्यांची चवड बांधून द्यायची होती. आवडाबाई मोजत होत्या. इथे कारखाना नव्हता, त्यामुळे ओठांतल्या ओठांत नाही, मोठ्यानं.

"लाभ," म्हणाल्या आणि पहिली भाकरी फडक्यात टाकली. मग, "एक. दोन. तीन. चार..."

मी ओल्या हातांनी तसाच उभा. पंचवीसपर्यंत आल्या, फडक्याला गाठ मारली, दुसरं फडकं पसरलं. "लाभ. एक. दोन..."

तुम्ही धान्य मोजताना ऐकलं असेल. पुष्कळ ठिकाणी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात आणि मग 'दोन'. हे मलाही ठाऊक होतं. पण बाळकुमच्या त्या आगरावर लाभ वेगळा आणि एक वेगळा! लाभ हा मोजणीत नाहीच. तो मोजणीच्या आधी.

"आवडाबाई," मी विचारलं, "सुयाही अशाच मोजता?"

"मग कशा मोजू? बामनासारख्या?"

"म्हणजे पहिली सुई लाभ?"

"पयली लाभच असते रं. अख्ख्या जन्मान मी लाभाबिगर काय मोजलं नाय. लेकरांचे महिने पन नाय."

"गंगुबाई, तुम्ही पाकीट उघडून तपासता तेव्हा?"

गंगुबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की याला दही चढलं असावं. "लाभ सोडून पंचवीस. बरोबर येतंय की रोज."

मी जेवलो नाही, बसलोही नाही. तसाच ठाण्याच्या बाजारात आलो, जांभळी नाक्यापाशी एका शिवणसामानाच्या दुकानातून हत्तीछाप पाकीट घेतलं आणि फळीवरच मोजायला लागलो.

दुकानदार म्हणाला, "सव्वीस असतात."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाण्यातल्या सगळ्या शिंप्यांना ठाऊक आहे. एक वर टाकतात. मोठ्या मनाची आहे हो तुमची कंपनी."

म्हणजे बघा, शिंप्यांना ठाऊक, दुकानदाराला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त कंपनीला!

सोमवारी सकाळी मी तडक साहेबाच्या खोलीत गेलो. कारकुनानं असं न बोलावता आत जायचं नसतं. प्रधानसाहेब तिथेच बसले होते, ते अर्धे उठले. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं सगळं एकदम बोललो. साहेबानं सुया मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग गोदामातून दहा पाकिटं मागवली. दहाही तशीच, सव्वीस.

आवडाबाईंना आणि गंगुबाईंना बोलावणं गेलं. झडतीवाली बाई बाहेर बाकावर बसून होती; तिच्याकडे न बघता दोघी आत आल्या. साहेबानं एक पाकीट गंगुबाईंपुढे सरकवून मोजायला सांगितलं.

"लाभ, एक, दोन, तीन..." ती मोजत गेली आणि शेवटची सुई ठेवून म्हणाली, "पंचवीस. बरोबर." आणि समोरच्या तक्त्यावर सवयीनं खूण करायला हात पुढे केला.

साहेबानं मला विचारलं, हा पहिला शब्द काय आहे? मी सांगायला लागलो आणि अडकलो. नफा म्हणावं तर तो नव्हे. दान म्हणावं तर तेही नव्हे. मग मी आवडाबाईंनाच विचारलं आणि त्या बोलल्या तसं एकेक वाक्य इंग्रजीत करत गेलो.

"माजा बाप पंढरी आगरावर मीठ मोजायचा. होडीन पयला टोपला पडला का बोलायचा, लाभ. तो देवाच्या नावाचा. तो घेनाराचा पन नाय न् देनाराचा पन नाय. तो पडला का मग आपली मोजनी सुरू. तुमी बोल्लाव पंचवीस भरा. आमी पंचवीस भरली. लाभ कोन मोजतं?"

प्रधानसाहेबांनी कागदावर काहीतरी गुणाकार केला आणि ते घामाघूम झाले. "अहो, दीड वर्षात लाखांनी सुया फुकट गेल्या!"

"फुकट कशा जातील, सायेब? लाभान गेल्या."

साहेबानं पाकीट मिटलं. मग म्हणाला की पाकिटात लिहिल्यापेक्षा जास्त जाणं हीसुद्धा चूक आहे. कंपनीच्या नियमानं मुकादम बदलावी लागेल. मी ते मराठीत सांगितलं.

आवडाबाई म्हणाल्या, "काढा. पन आधी एक सांगा. माज्या बायांनी चोरी केली का नाय केली?"

"नाही केली," साहेब म्हणाला.

"भायेर जाऊन सांगा. त्या बाकावरचीला पन सांगा."

आणि ऐका हं, तो साहेब खरंच उठला, बाहेर गेला, पाकीटखोलीच्या दारात दोन्ही पायांवर उभा राहिला आणि मोठ्यानं इंग्रजीत सांगितलं. मी मराठीत सांगितलं. चाळीस बायकांच्या तोंडून जो श्वास सुटला, त्यानं सुयांचे कागद उडाले. झडतीवालीला जायचं-यायचं भाडं देऊन वाटेला लावलं.

पण मुकादमकीचं राहिलंच होतं. तेव्हा मी माझ्या आयुष्यातला एकच गुन्हा केला. कपाटातून निळ्या पत्रांचा गठ्ठा काढला आणि पिवळ्या कामासाठी आलेल्या त्या साहेबापुढे ठेवला.

त्यानं झांजिबारचं वाचलं. तिथला अडत्या लिहीत होता, की इथले शिंपी 'टी'चं पाकीट उघडलं की वरची एक सुई दुकानाच्या चौकटीत टोचून ठेवतात. कुणी गरीब बाई मागायला आली तर तिला देतात. बसऱ्याचा लिहीत होता, पहिली सुई नव्या नवरीच्या कापडाला राखून ठेवतात. पेनांगचा म्हणत होता, का कुणास ठाऊक, पण लोक या पाकिटाला शुभ मानतात. आवडाबाईंनी 'लाभ' म्हटलेलं त्यांच्यापैकी एकाच्याही कानावर गेलेलं नव्हतं. भाषा वेगळी, देव वेगळा. आणि तरी सुईला जिथे जायचं होतं तिथेच ती गेली होती! सगळ्यांच्या शिदोरीत एकाच हातानं घास टाकावा तशी. बुवांचा कालचा काला माझ्यासमोर टेबलावर मांडलेला होता, फक्त दही नव्हतं.

साहेब लाकडी खोक्यावर बसला आणि हसायला लागला. प्रधानसाहेबांना हसावं की नाही कळेना, म्हणून ते आधी नुसते दात दाखवत होते, मग खरंच हसले.

विलायतेला तार गेली. उत्तर येईपर्यंत लाभ बंद, एकपासून मोजायचं, असं ठरलं. आणि काय झालं सांगू? बायकांचे हात अडखळले. पहिली सुई पडली की जीभ 'लाभ'वर जायची, ती मागे ओढायची, तोवर हात पुढे गेलेला. कुणाच्या पाकिटात चोवीस, कुणाच्या तेवीस. पाच दिवसांत 'कमी'च्या रकान्यात दीड वर्षात नव्हत्या तेवढ्या खुणा पडल्या. गंगुबाई प्रत्येक खूण करताना सुस्कारा सोडायची, साहेबाला ऐकू जाईल असा.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. एक नव्हे, दोन, एकाच टपालात. पिवळं म्हणत होतं: जादा सुई ताबडतोब बंद करा. निळं म्हणत होतं: ठाण्याच्या पाकिटात काडीचाही बदल करू नका.

साहेबानं दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. मग मला म्हणाला, "टंकायला बस." आणि त्यानं एकच पत्र सांगितलं, दोन्ही खात्यांना, एकाच कागदावर: जादा सुईचा तोटा आणि वाढलेला खप, दोन्ही शेजारी. कंपनीच्या इतिहासातलं तसं पहिलं पत्र असावं, आणि ते मी टंकलं! या वेळी वाचत वाचत टंकलं.

जायच्या आधीच्या एकादशीला साहेब बाळकुमच्या देवळात आला. कीर्तन दुपारचंच. मांडी घालता येईना. गुडघे पाकिटावरच्या हत्तीसारखे भलतीकडे. पण बसला दीड तास. नंतर फराळाला केळी वाटायची होती. आवडाबाईंनी टोपली त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मोज बग्लेसायेब." मी 'बगळे' म्हणजे काय ते त्याला सांगितलं नाही. तो पहिलं केळं उचलून थांबला, आठवलं, आणि मोठ्यानं म्हणाला, "लाब!" सगळा मांडव हसला आणि टाळ वाजले.

माघात निर्णय आला. तिन्ही कारखान्यांत, विलायतेत आणि ब्राझीलमध्येसुद्धा, यापुढे पाकिटात एक सुई वर टाकायची. तिचा खर्च जाहिरात खात्यात धरायचा. नवा तक्ता छापून आला. त्यात आता तीन रकाने होते, आणि सगळ्यात पहिला होता तो नुसता एका इंग्रजी 'एल' अक्षराचा. ब्राझीलच्या बायकांना तो 'एल' कशाचा ते कुणी सांगितलं की नाही, देव जाणे. आवडाबाई मुकादम राहिल्या, आणि पगारात दोन रुपये वाढ.

मी त्यांना निर्णय वाचून दाखवला. जाहिरात म्हणजे काय ते त्यांनी विचारलं. मी समजावलं.

"म्हंजे देवाला जाहिरातीन घातला म्हना की!" त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की गंगुबाई बघायला आली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "असूं दे रं. त्याला काय, कुठं बी घाला. त्याचं काम त्यो करतो."

गेल्या वर्षी, माघातच, आवडाबाई गेल्या. शेवटपर्यंत कामावर होत्या. भजन म्हणत पोहोचवलं त्यांना बाळकुमनं, आणि चिपळ्या माझ्याही हातात होत्या.

बरं, ते बघा बुवा आले, तबलजीला हातोडीही सापडली. सरकून बसा जरा. एवढंच मागणं आहे तुमच्याकडे: घरी गेल्यावर सुईचं पाकीट उघडाल, नाहीतर डब्यातून तांदूळ मोजून घ्याल, तेव्हा 'एक' म्हणायच्या आधी घटकाभर थांबा, आणि बाळकुमच्या आवडाबाईंची आठवण काढा.